दुमडलेला कोपरा

आमच्या दवाखान्यात आता कुणाला सुई टोचली की माझ्या टेबलावरच्या पडद्यावर एक ओळ उमटते. सलाईन लावलं, की ओळ. हातमोजे उघडले, की ओळ. कापसाचा बोळासुद्धा आता हिशेबातून सुटत नाही. सिस्टर पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर एक छोटं यंत्र धरते, ते 'टूं' करतं, आणि पेशंट कॉटवरून उठायच्या आत त्याचं बिल तयार असतं. मी फक्त बटण दाबते आणि छापील कागद पुढे करते. बावीस वर्षं जे काम डोक्याने केलं ते आता एका बोटाने करते, तरी संध्याकाळी घरी जाताना पूर्वीपेक्षा जास्त दमलेली असते. हे कसं काय होतं, ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

मी मूळची माकुणसारची. वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. लग्न होऊन पालघरला आले, आणि नवऱ्याची तारापूरची नोकरी सुटली तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसले. तात्पुरती. त्या तात्पुरत्याला आता बावीस वर्षं होऊन गेली. गावातले निम्मे लोक मला 'बिलवाल्या बाई' म्हणूनच ओळखतात. भाजी घेतानाही पलीकडून कुणीतरी विचारतं, "बाई, उद्या डॉक्टर हायेत का?"

माझ्या हिशेबाबद्दल कुणी कधी बोट दाखवलं नाही. तोंडाबद्दल मात्र दाखवलं. मी फटकळ आहे, हे मला माहीत आहे. समोर पंचवीस माणसं उभी, कुणाचं पोर रडतंय, कुणी सुट्टे पैसे शोधतोय, अशा वेळी गोड बोलणं मला कधी जमलं नाही. सातपाटीच्या एक काकी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा आल्या, तो दिवस मला आठवतो. नवऱ्याला साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. काकी सकाळी मासळी विकून तशाच आलेल्या. डॉक्टरांनी दिलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला तो ओला, चुरगळलेला, आणि वासाचं तर विचारूच नका. मी सगळ्यांसमोर ओरडले. "कागद नीट आणता येत नाही का? हा काय वाणसामानाची पुडी आहे?"

"बाय, हात वले व्हते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या कित्येक महिने नवऱ्याला ड्रेसिंगला आणत राहिल्या, पण चुरगळलेला कागद म्हणून कधी दिला नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या की आधी पदराला हात पुसायच्या, बाकावर बसायच्या, मांडीवर कागद ठेवून तळव्याने सपाट करायच्या, आणि मग इस्त्री केल्यासारखा तो माझ्यापुढे धरायच्या. मला इतकं बरं वाटायचं. एकदा तर मी रांगेतल्या लोकांना म्हटलंही, "बघा, कागद कसा द्यायचा ते या काकींकडून शिका." काकी लाजून हसल्या होत्या.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांना टोकत असे. डॉक्टर म्हणायचे रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, आणि या यायच्या एक दिवस आड. "रोज यायला सांगितलंय ना?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "नाय जमत, बाय." मला वाटायचं मासळीचा धंदा आहे, वेळ होत नसेल. पुढे जखम वर चढत गेली, आणि मोठ्या इस्पितळात नेऊन नवऱ्याचं पाऊल काढावं लागलं. साखरेच्या पेशंटचं असं होतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन दिवस वाईट वाटलं. मग दुसरे पेशंट आले.

आता त्या कोपऱ्याचं सांगते.

मी कामाला लागले त्या दिवशी माझ्या आधीच्या बाईंनी मला काचेखालचा दरांचा तक्ता दाखवला, पावतीपुस्तक दाखवलं, गल्ल्याची किल्ली दिली. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि कोपरा बघत जा." केसपेपरच्या मागे दर खेपेला एक अर्धा कागद लागायचा. त्यावर डॉक्टर त्या दिवशीची तपासणी, इंजेक्शन, ड्रेसिंग, जे काय असेल ते लिहायचे. त्या अर्ध्या कागदाचा वरचा उजवा कोपरा डॉक्टरांनी नखाने एकदा दुमडला असेल, तर निम्मे पैसे घ्यायचे. दोनदा दुमडला असेल, तर फक्त औषधाचे. सपाट असेल तर पूर्ण.

असं का, तर सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर लाल पेनने 'निम्मे' असं लिहीत असत. एकदा रांगेतल्या दुसऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचलं, आणि ज्याचा कागद होता तो कागद तिथेच टाकून निघून गेला. पुन्हा आलाच नाही. तेव्हापासून लिहिणं बंद झालं. दुमडलेल्या कोपऱ्याला कुणी वाचू शकत नाही. पेशंटलाही कळायचं नाही की त्याच्यासाठी काही कमी केलंय. त्याला वाटायचं दरच एवढा आहे. डॉक्टर बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या चपला बघून ओळखायचे, डोंगरातून चालत आलाय की रिक्षाने, आणि तेवढ्यावर कोपरा दुमडायचे की नाही ते ठरवायचे, असं माझं मत. विचारलं मात्र कधी नाही. बावीस वर्षांत डॉक्टर आणि मी त्या कोपऱ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांनी तो दुमडायचा, मी तो बघायचा, पैसे घ्यायचे, कोपरा सरळ करायचा, फाईलला लावायचा आणि वहीत आलेली रक्कम लिहायची. का कमी घेतले ते लिहायचं नाही. मला त्यात फार भारी वाटायचं, खरं सांगते. डॉक्टरांच्या मनातलं मला न बोलता कळतं, अशी माझी एक ऐट होती.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी खाली यायचं बंद केलं. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहतात, पण जिना उतरत नाहीत. सगळं आता धाकटे डॉक्टर बघतात, म्हणजे त्यांचा मुलगा. माणूस वाईट नाही. हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि घाईत आहे. त्यांनी आधी बोईसरला दुसरा दवाखाना काढला. तिथे कारखान्यातले कामगार येतात, कुणाचा हात मशीनमध्ये सापडलेला, कुणी भाजलेला. बिल विचारलं की कामगार म्हणतो, "मैडम, कंपनी भरेगी." कंपनी भरते, पण बिलात जे लिहिलंय तेवढंच. टाके नऊ घातले आणि धावपळीत सिस्टरने सहा लिहिले, तर तीन टाके दवाखान्याच्या अंगावर. असे टाके आणि बाटल्या आणि पट्ट्या महिनाभर सांडत राहिल्या, तेव्हा धाकट्या डॉक्टरांनी ते टूं करणारं यंत्र आणलं.

मला पंधरा दिवस बोईसरला शिकायला पाठवलं होतं. माझ्या वयाला झेपेल तसं शिकले. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा आणि त्यात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. मी आमच्या कुलदेवीचं नाव घातलं तर यंत्र म्हणालं, कमकुवत आहे. मी हात टेकले. पण यंत्राबद्दल माझी खोटी तक्रार नाही. तिथल्या सिस्टर आठ तासांची म्हणून बारा तासांची ड्यूटी करतात, त्यांच्या लक्षात काय काय राहणार? यंत्राच्या राहतं. बोईसरची बिलं सुधारली, कंपन्यांची कटकट थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग ते पालघरला आलं. आणि बसवायच्या आधी मोठे डॉक्टर खाली बसत होते तेव्हाच्या शेवटच्या तीन वर्षांचे कागद तपासायचे ठरले. कागदावर काय काय केलं असं लिहिलंय आणि वहीत किती पैसे आलेत, याची जुळणी. सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक मुलगी पाठवली. माझ्या धाकटीच्या वयाची, बारीक, चष्मा लावणारी, दिवसभर पाठीला बाक देऊन बसणारी. मला आधी 'मॅडम' म्हणायची, तिसऱ्या दिवशी डब्यातली वालाची भाजी खाल्ल्यावर 'काकू' म्हणायला लागली.

आठवड्याने धाकट्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. मुलगी तिथेच होती, मान खाली घालून. डॉक्टर म्हणाले, "बाई, बसा." बावीस वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"पालघरच्या काउंटरवर लीकेज आहे," ते म्हणाले. "बऱ्याच कागदांवर ड्रेसिंग आहे, इंजेक्शन आहे, आणि वहीत रक्कम निम्मी. काही ठिकाणी त्याहून कमी. तीनही वर्षं. आणि काउंटरला तुम्ही एकट्याच असता."

मी म्हटलं, "साहेब, गळती नळाला असते. मी कोपरा बघून पैसे घेतलेत." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं की हे त्यांना नवीन आहे. वडिलांनी मुलाला सांगितलेलंच नव्हतं. ते वर जाऊन आले. "बाबा म्हणतात, हो, दुमडायचो. पण कोणाकोणाचे ते त्यांना आता आठवत नाही." थोडं थांबून म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण ऑडिटवाल्यांना तोंडी चालत नाही. हे नीट होईपर्यंत तुम्ही काउंटरला बसू नका. वर फाईलींचं बघा."

अविश्वास नाही, पण काउंटरला बसू नका. मी किल्ली टेबलावर ठेवली. जिन्यात पोहोचेपर्यंत डोळे भरले होते आणि गुडघे दुखत होते, आणि त्यातल्या कशाचा मला जास्त राग आला ते आठवत नाही. घरी नवऱ्याला सांगितलं नाही. या वयात चोरीचा आळ आला असं कुठल्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या दिवशी काउंटरवर बोईसरहून आलेली नवी मुलगी बसली होती. लोक विचारत होते, बाई कुठे गेल्या, आणि ती सांगत होती, "वरती हायेत." जणू काही मी मेलेच.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला माळा आहे. तिथे जुन्या फाईली. मी आणि सॉफ्टवेअरची मुलगी समोरासमोर बसलो. ती कागद वाचायची, लॅपटॉपवर आकडे घालायची. तिचा काही दोष नव्हता, तरी मी पाण्याची बाटलीसुद्धा तिच्याकडे सरकवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक कागद खिडकीकडे धरला. "काकू, ही रेघ कसली?"

वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी रेघ. घडीची. कोपरा मीच सरळ करून फाईलला लावला होता, पण कागद घडी विसरत नाही. एकदा मोडली की मोडली. मी तिच्या हातून कागद घेतला, वहीतली नोंद काढली. निम्मी रक्कम. दुसरा कागद काढला, उजेडात धरला. दोन रेघा, एकीच्या आत एक. वहीत फक्त औषधाचे पैसे. मला रडू फुटलं. मुलगी घाबरली, तिने आपली बाटली माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर तेरा दिवस आम्ही दोघींनी तेच केलं. एकेक कागद खिडकीशी धरायचा, रेघ बघायची, रक्कम बघायची, खूण करायची. माळ्यावर पंखा नाही. धुळीने माझा घसा बसला, मान धरली. संध्याकाळी घरी गेले तरी डोळ्यांपुढे तिरक्या रेघाच दिसायच्या. पण मनातून मी सावरत चालले होते. कमी घेतलेली एकेक रक्कम, आणि तिला एकेक घडी. डोंगरातल्या पाड्यांवरचे कागद, वीटभट्टीवरून आलेल्या बाळंतिणींचे कागद, एडवणच्या एका म्हाताऱ्या मास्तरांचे कागद. मास्तर टोपी घालून ऐटीत यायचे, आणि डॉक्टरांनी त्यांचाही कोपरा कसा ओळखून दुमडला होता याचं मला नव्याने नवल वाटलं. शेवटच्या गठ्ठ्याला मुलगी म्हणाली, "काकू, एकही सुटला नाही. घडी नाही आणि पैसे कमी, असा एकही कागद नाही. तुम्ही सुटलात."

मी म्हटलं, "मी अडकलेच कधी होते?" पण आवाज बसला होता, त्यामुळे तो टोमणा नीट बसला नाही.

ती हसली आणि म्हणाली की आता फक्त उलटी जुळणी राहिली. म्हणजे घडी आहे, पण पैसे पूर्ण घेतलेत, असे कागद. यंत्राला दोन्ही बाजू लागतात म्हणे. मी म्हटलं, "असे कसे असतील? मी कोपरा बघितल्याशिवाय पैसे घेत नाही." तरी तिने बटणं दाबली. चारदोन कागद निघाले, माणूस म्हटल्यावर चुका व्हायच्याच. आणि मग एकाच नावाखाली यादी सुरू झाली आणि पडदा भरला तरी संपेना.

फाईल जाड होती. मी उघडली आणि पहिल्या कागदाला वास आला. म्हणजे वास आला नसेल, इतक्या वर्षांनी कसला येतो, पण मला आला. पहिला कागद सगळाच चुरगळलेला, घड्याच घड्या. त्यात डॉक्टरांच्या नखाची घडी कुठली आणि ओल्या हाताची कुठली, हे मला त्या दिवशी ओळखू आलं नव्हतं. त्यामागचे सगळे कागद सपाट. इस्त्री केलेले. मी एक खिडकीशी धरला. उजव्या कोपऱ्यात रेघ. दुसरा धरला. रेघ. तिसरा, चौथा, दहावा. पुढेपुढे दोन रेघा. आणि वहीत माझ्या अक्षरात दर खेपेला पूर्ण रक्कम.

मुलगी विचारत होती, "काकू, काय झालं?" डॉक्टरांच्या खोलीपासून माझ्या काउंटरपर्यंत आठ पावलं. डॉक्टर कागद पेशंटच्याच हातात द्यायचे. त्या आठ पावलांत बाक होता, आणि त्या बाकावर बसून काकी तळव्याने कागद सपाट करायच्या, कोपऱ्यासकट. मी ओरडले होते म्हणून. आणि मी त्यांना तसं करताना बघत होते. समोरून बघत होते, आणि कौतुक करत होते.

मुलीला सगळं सांगितल्यावर तिने लॅपटॉप अर्धा मिटला. मग हळूच म्हणाली, "पण काकू, यात दवाखान्याचं नुकसान नाही ना. जास्तच आलेत. हे लीकेजमध्ये धरत नाहीत. रिपोर्टमध्ये घालायची गरज नाही."

तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. धाकट्या डॉक्टरांनीही त्याच संध्याकाळी सगळ्या स्टाफसमोर माझी माफी मागितली, किल्ली परत दिली, पेढे आणले. मी पेढा घेतला. तो तसाच रुमालात बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाईल घेऊन वर मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, बारीक झालेले. मी सांगितलं. त्यांनी एक कागद हातात घेऊन कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"मी दर वेळी दुमडत होतो," ते म्हणाले. "नंतर दोनदा दुमडायला लागलो. मला वाटायचं, बाई बघतायत."

"मला वाटायचं, तुम्ही दुमडत नाही आहात," मी म्हटलं. "नवल वाटायचं मला. बाईच्या पायात चप्पल नसायची आणि तुम्ही कोपरा दुमडत नाही, असं का, म्हणून. पण विचारलं नाही."

हे खरं आहे. मला नवल वाटलं होतं. एकदा नाही, अनेकदा. आठ पावलं चालून दार ढकलून एक प्रश्न विचारायचा होता. पण न बोलता कळतं ही माझी ऐट, ती कशी मोडायची?

"पाऊल वाचलं असतं का, डॉक्टर?" मी विचारलं. "रोज ड्रेसिंग झालं असतं तर?"

त्यांनी हातातला कागद परत फाईलला लावला. "सांगता येत नाही," म्हणाले. मग कपाटातून पैसे काढून मोजले आणि पाकिटात घालून मला दिले. मी त्यात माझेही घातले. यंत्रातून हे पैसे परत करता येत नाहीत, मी आधीच विचारून बघितलं होतं. जुन्या वहीतल्या पावतीचा नंबर ते ओळखत नाही.

रविवारी सातपाटीची बस पकडली. घर शोधायला त्रास झाला नाही, होडी चालवणाऱ्या, पाय कापलेल्या तांडेलाचं घर म्हटल्यावर एका बाईने सरळ आणून सोडलं. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. काकींचे यजमान ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, जाळं मांडीवर घेऊन, अर्ध्या पायावर गोधडी टाकलेली. काकी बाहेर आल्या आणि मला बघून गोंधळल्या. "बिलवाल्या बाय? काय झाला? पैशे राहिले व्हते का आमचे?"

"नाही, काकी. तुमचे आमच्याकडे राहिलेत."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर पूर्ण सांगता आलं नसतं. कोपऱ्याचं सांगितलं, घडीचं सांगितलं, बाकाचं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या, कपाळाला आठी घालून.

"पैल्या दिशी तुमी वरडलेल्या," त्या म्हणाल्या. "कागद चुरगळला म्हनून. तवापासून मी नीट करून द्यायची." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आठवून खात्री करून घेतल्यासारखं म्हणाल्या.

"हो. माझंच चुकलं. ओरडलेही मी, आणि विचारलंही नाही मी." मी पाकीट पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं. नको म्हणाल्या नाहीत, लाजल्या नाहीत. मासळी विकणाऱ्या बाईसारखे दोनदा मोजून कमरेला खोचले. मला त्याने थोडं हलकं वाटलं. वाटलं, आता निघावं. मी चपलेत पाय घातला.

काकी तिथेच उभ्या होत्या, बोटांवर काहीतरी मोजत. मला वाटलं रक्कम कमी पडली की काय.

"निम्मेच व्हते?" त्यांनी विचारलं. "सगल्या वेलेला?"

"सगळ्या वेळेला. नंतर तर निम्म्याहूनही कमी."

त्यांची बोटं थांबली. त्या नवऱ्याकडे वळल्या नाहीत, माझ्याकडेच बघत राहिल्या.

"मंग याला रोज आनला असता मी," त्या म्हणाल्या.

ओट्यावर त्यांच्या यजमानांनी जाळ्याची गाठ मारली आणि ते पुढची फाटकी जागा शोधू लागले.